घरचा फराळ, गोडधोड आणि रोजचं जेवण: चूक शोधायची तर पाण्याचा माग काढा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: घरात दोघंही नोकरी करता, दोघंही शाकाहारी. बाहेरून मागवणं कमी करून खारे जिन्नस, एखादा गोड पदार्थ आणि रोजचं जेवण घरीच करायचं ठरवलंत. सामान चांगलं आणता, मापं वाटीनं मोजून घेता. तरी चकली दुसऱ्या दिवशी सादळते, रव्याचे लाडू दगड होतात, कांदाभजी तेल पितात आणि मटकीच्या उसळीत मटकी एकीकडे, पाणी एकीकडे. चव वाईट नसते, पण खाताना मजा येत नाही. तर नेमकं चुकतंय कुठं?

मी पुण्यात २८ वर्षं घरगुती फराळाच्या ऑर्डरी घेते आहे आणि त्यातली बरीच वर्षं सुट्टीच्या दिवशी स्वयंपाकाचे वर्गही घेतले आहेत. तुमच्या चार तक्रारी वाचल्या आणि लगेच लक्षात आलं, की या चार नाहीत, एकच आहे. पदार्थातल्या पाण्याकडे तुमचं लक्ष नाही. मापं बरोबर असतील, पण पाणी किती घातलं यापेक्षा ते शेवटी कुठं गेलं, हे महत्त्वाचं असतं. चकलीतलं पाणी पूर्ण जायला हवं. भजीतलं पाणी आत राहून वरचं कवच तेवढं कोरडं व्हायला हवं. लाडवात ते साखरेनं बांधून ठेवायला हवं. उसळीत ते दाण्यात मुरायला हवं. कढईपुढं उभं राहताना आज यातलं काय करायचंय, एवढं मनाशी ठरवलं की निम्मं काम होतं.

चकलीपासून सुरुवात करते, कारण तिच्यात सगळंच येतं. माझी भाजणी अशी: चार वाट्या तांदूळ, दोन वाट्या हरभरा डाळ, एक वाटी उडीद डाळ, अर्धी वाटी मूग डाळ, अर्धी वाटी पोहे, पाव वाटी धणे आणि दोन चमचे जिरे. घरोघरी हे माप वेगळं असतं आणि प्रत्येक घराला आपलंच खरं वाटतं, त्या वादात मी पडत नाही. तांदूळ आणि डाळी धुवायच्या, निथळायच्या, सावलीत कापडावर पसरून पूर्ण वाळवायच्या आणि मग प्रत्येक जिन्नस वेगळा, मंद आचेवर भाजायचा. सगळं एकत्र टाकलं तर पोहे करपतात आणि हरभरा डाळ आतून कच्ची राहते. भाजलेली डाळ दातांखाली धरून बघा. कट्कन तुटली पाहिजे. चिवट लागली तर आत ओल आहे, आणि ती ओल तुम्हाला पुढं कढईत भेटणार.

दोन वाट्या भाजणीला दोन वाट्यांहून किंचित कमी पाणी घ्या. त्यात मीठ, तिखट, हळद, हिंग, ओवा, तीळ आणि दोन मोठे चमचे तेल घालून खळखळून उकळी आणा, गॅस बंद करा, भाजणी घालून ढवळा आणि घट्ट झाकण ठेवून वीस मिनिटं विसरून जा. ही उकड कशासाठी, हे समजून घेतलंत तर पुढचं सोपं जाईल. कणकेला स्वतःचा चिकटपणा असतो, म्हणून पोळी ताणली जाते. तांदूळ आणि डाळींच्या पिठात तसा चिकटपणा नाही. गरम पाण्यात त्यातला स्टार्च फुगतो आणि तोच पीठ धरून ठेवतो. झाकण लवकर काढलंत तर पीठ अर्धवट फुगतं आणि सोऱ्यातून चकली पाडताना तिचे तुकडे पडतात. मग तुम्ही वरून गार पाणी शिंपडत जाता, पीठ सैल होतं, आणि त्या जास्तीच्या पाण्यापायी चकली आतून मऊ राहते. तुमच्या घरी बहुतेक हेच होत असणार. पीठ कोरडं वाटलं तर गरम पाण्याचा हात लावून नीट मळा. एका वेळी सोऱ्यात मावेल तेवढंच मळा, बाकीचं झाकून ठेवा.

मोहन हा दुसरा नाजूक भाग. तेल पिठाच्या कणांभोवती बसतं आणि त्यांना एकमेकांना फार घट्ट धरू देत नाही, म्हणून चकली खुसखुशीत होते. कमी पडलं तर कडक होते. जास्त झालं तर कणांना धरायला काही उरत नाही आणि चकली तेलात विरघळते, कढईत नुसता चुरा तरंगतो. असं झालं की घाबरून सगळं पीठ टाकून देऊ नका. त्यात अजून थोडी भाजणी कोमट पाण्यात भिजवून मिसळा आणि पुन्हा मळा. म्हणूनच पहिल्या घाण्याला एकच चकली सोडायची. ती काय सांगते ते ऐकायचं आणि मग बाकीच्या पाडायच्या.

"ऐकायचं" हा शब्द मी मुद्दाम वापरला. माझ्या सासूबाई चकल्या तळताना स्वयंपाकघरात कुणाला बोलू देत नसत. मला पहिल्या वर्षी वाटायचं, कडक स्वभाव आहे. तिसऱ्या-चौथ्या दिवाळीला त्यांनी माझ्या हातात झारा दिला आणि म्हणाल्या, "रंग बघू नकोस, आवाज ऐक." चकली तेलात सोडली की चरचर मोठी असते आणि भोवती बुडबुड्यांचं मोहोळ उठतं. ते बुडबुडे तेलाचे नसतात, पिठातल्या पाण्याची वाफ होऊन ती बाहेर पडत असते. पाणी १०० अंशाला उकळतं आणि तेल १७० अंशांच्या आसपास असतं, त्यामुळे वाफ जोरात निघते. हळूहळू आवाज बसतो, बुडबुडे विरळ आणि बारीक होतात. आवाज जवळजवळ थांबला म्हणजे आतलं पाणी संपलं. रंग मात्र त्याच्या आधीच येऊ शकतो. आच मोठी ठेवली तर दोन मिनिटांत सुंदर तांबूस चकली हातात येते, पोटात ओल घेऊन. गरम असेपर्यंत ती कुरकुरीत लागते. मग आतली ओल बाहेरच्या कवचात पसरते आणि सकाळी चकली सादळलेली असते. तेव्हा तेल नीट तापवून चकली सोडा, एकदा उलटली की आच मध्यमाहून थोडी कमी करा आणि आवाज बसेपर्यंत धीर धरा.

तळून झाल्यावरची दहा मिनिटंही तितकीच मोलाची. पदार्थ तेल पितो तो तळताना फारसा नाही. तळताना आतून वाफेचा जोर असतो, तो तेलाला आत येऊ देत नाही. बाहेर काढला की आतली वाफ निवते, पोकळी होते आणि पृष्ठभागावर राहिलेलं तेल आत ओढलं जातं. म्हणून चकली किंवा भजी झाऱ्यावर घेऊन कढईवरच क्षणभर धरा, झारा कडेला दोनदा हलकेच आपटा आणि मग चाळणीत किंवा जाळीवर मोकळी ठेवा. कागदावर एकावर एक रचलेल्या गरम चकल्यांच्या खालच्या थराला वरच्यांची वाफ लागते. कागद तेल शोषतो हे खरं, पण ती वाफ अडकून बसते, ती कुठं जाणार?

या वाफेनं मला एक दिवाळी चांगलीच शिकवली. ऑर्डरी घेऊ लागले त्याच्या दुसऱ्याच वर्षी एका कार्यालयाची बारा किलो चकलीची ऑर्डर होती. सकाळी आठला द्यायची. रात्री साडेअकराला शेवटचा घाणा उतरला. थकले होते. हाताला कोमट लागणाऱ्या चकल्या मी स्टीलच्या डब्यांत भरल्या आणि झाकणं लावून झोपले. पहाटे पहिला डबा उघडला तर झाकणाच्या आतल्या बाजूला दवासारखे थेंब होते. बोटानं पुसले, बोट ओलं झालं. चार डब्यांतल्या चकल्या वाकत होत्या, मोडत नव्हत्या. त्या दिवशी मी त्या चकल्या दिल्या नाहीत. फोन करून दोन दिवस मागून घेतले आणि सगळं नव्यानं केलं. तेव्हापासून माझ्या घरी चकली ताटात पसरून निदान तीन तास राहते आणि पूर्ण गार झाल्याशिवाय डब्याला झाकण लागत नाही. तुमच्या सादळलेल्या चकल्या मात्र वाया घालवू नका. ओव्हन असेल तर ११० ते १२० अंशांवर दहा-पंधरा मिनिटं ठेवा, बाहेर काढून उघड्यावर गार होऊ द्या. परत तळू नका, दुप्पट तेलकट होतात.

चिवड्याचं गणित यापेक्षा सोपं. पातळ पोहे आधीच कोरडे वाटतात, म्हणून लोक ते न भाजता फोडणीत घालतात आणि मग चिवडा चामट झाला म्हणतात. पोहे मंद आचेवर, सतत हलवत, हातात चुरडले की भुगा होईल इतके भाजा. ऊन असेल तर उन्हात दोन-तीन तास ठेवले तरी चालतात. खरा चोर निराळाच असतो: हिरवी मिरची आणि कढीपत्ता. दोन्हींत भरपूर पाणी. फोडणीत ते पूर्ण कुरकुरीत होईपर्यंत परतले नाहीत तर त्यांची ओल दुसऱ्या दिवशी पोह्यांत उतरते. कढीपत्त्याचं पान बोटांत दाबलं की चुरा व्हायला हवा. साखर आणि मीठ हवेतली ओल धरतात, म्हणून पिठीसाखर बेतानं घाला. ऑक्टोबरात मुंबईला किंवा कोकणात असाल तर आणखी बेतानं, नागपूरकडच्या कोरड्या हवेत एवढी काळजी नाही.

शंकरपाळ्यांना मी एक वाटी दूध, एक वाटी साखर, पाऊण वाटी तूप घेते. ते कोमट करून साखर विरघळवायची, गार करायचं आणि मावेल तेवढा मैदा घालायचा. फार मळायचं नाही, मंद आचेवर तळायचं. बाकी सगळं चकलीसारखंच, फक्त साखरेमुळे रंग लवकर येतो, त्यामुळे फसायला जास्त वाव.

आता भजी. कांदाभजीत पाणी घालायचंच नाही. कांदा उभा पातळ चिरा, मीठ, तिखट, ओवा चोळा आणि पंधरा मिनिटं ठेवा. मिठानं कांद्याला पाणी सुटतं, त्या पाण्यात मावेल तेवढंच बेसन आणि एक चमचा तांदळाची पिठी घाला. पीठ कांद्याला जेमतेम धरलेलं असावं, पाकळ्या सुट्या दिसाव्यात. वर चमचाभर कडकडीत तेलाचं मोहन. तुमची भजी तेल पितात त्याची दोन कारणं असणार: पीठ पातळ आणि तेल पुरतं न तापलेलं. पिठाचा थेंब टाकला की तो तळाशी जाऊन लगेच वर यायला हवा. तळाशी बसून राहिला तर थांबा. एका वेळी कढई गच्च भरली तरी तेल गार पडतं, म्हणून भूक कितीही लागलेली असो, घाणे छोटे काढा.

भजीला आणि बटाटेवड्याला टिकवण्याचा प्रयत्न करू नका. आत ओलं, बाहेर कुरकुरीत, असे हे पदार्थ. आतलं पाणी पाच-दहा मिनिटांत बाहेर येणारच आणि कवच मऊ करणारच, ते कुणाच्याच हातात नाही. हे कढईजवळ उभं राहून खायचे. तुम्ही दोघंच आहात, तर एकानं तळावं आणि दुसऱ्यानं तिथंच खावं, मग पाळी बदलावी. सगळे घाणे उरकून, ताट वाढून, टीव्हीपुढं बसेपर्यंत जी मजा निघून जाते, ती बऱ्याचदा पाककृतीच्या माथी मारली जाते. वड्याचे बटाटे मात्र पाण्यात बुडवून उकडू नका. कुकरच्या तळाशी नेहमीसारखं पाणी ठेवा, पण बटाट्यांच्या भांड्यात पाणी न घालता वाफवा, गरम असतानाच सोलून मोकळे करा आणि वाफ जाऊ द्या. पाणी प्यायलेल्या बटाट्याचा वडा तेलात फुटतो.

लाडवाकडे येते. रव्याच्या लाडवाला माझं माप दोन वाट्या बारीक रवा, दीड वाटी साखर, अर्धी वाटी तूप आणि पाकाला पाऊण वाटी पाणी. रवा तुपावर मंद आचेवर खमंग भाजायचा, रंग फार बदलू द्यायचा नाही. पाकात आपण पाणी घालवतही नाही आणि मोकळंही सोडत नाही, साखरेच्या ताब्यात देतो. जसजसं पाणी आटतं तसतसं उकळीचं तापमान वर चढतं. साधारण १०५ अंशांच्या आसपास एकतारी पाक येतो. ११२ ते ११६ अंशांना तोच पाक पाण्यात टाकला तर मऊ गोळी होते. म्हणजे तुमचा लाडू आणि दगड यांच्यात सातच अंशांचं अंतर आहे, आणि मोठ्या आचेवर एवढं अंतर बघता बघता कापलं जातं.

तार बघायची कशी, हे जवळून सांगते, कारण इथंच सगळे गडबडतात. चमच्यानं पाकाचा थेंब ताटलीत घ्या, थोडा निवू द्या. अंगठा आणि तर्जनी यांच्यात धरून बोटं हळूच लांब करा. तार निघून लगेच तुटली तर अजून अर्धा-एक मिनिट. एक बारीक तार न तुटता थोडी ताणली गेली तर गॅस त्याच क्षणी बंद. "अजून जरा पक्का होऊ दे" म्हणायचं नाही, कारण जाड कढई गॅस बंद केल्यावरही पाक आटवत राहते. बघायला जाताना गॅस बारीक करून जा, नाहीतर तुम्ही तार ताणत असता आणि तिकडे पाक पुढं गेलेला असतो. मग रवा घाला, ढवळा, झाकून ठेवा. मिश्रण पातळ दिसेल, दिसू द्या. रवा दोन-तीन तास पाक पीत राहतो. मधूनमधून ढवळा. वळण्याजोगं झालं की तूप लावलेल्या हातानं वळा.

तुमचे दगड झालेले लाडू अजून डब्यात असतील तर ते फोडून कढईत घ्या, दोन-तीन चमचे गरम दूध शिंपडा, मंद आचेवर झाकण ठेवून वाफ आणा, मोकळं करा आणि कोमट असताना पुन्हा वळा. दूध लागल्यामुळे ते चार-पाच दिवसांत संपवावे लागतील. ओलं खोबरं घालून केलेल्या लाडवांचंही तसंच, ते चवीला सुरेख, टिकायला नाजूक.

पाकाची धास्ती बसली असेल तर काही दिवस बेसनाचे लाडू करा. त्यांना पाक नाही, वेळ मात्र द्यावा लागतो. अर्धा किलो जाडसर बेसन तुपात मंद आचेवर अर्धा ते पाऊण तास भाजावं लागतं. आधी ते जड लागतं, उलथन्याला चिकटतं. मग सैल होतं, तूप सोडू लागतं आणि अख्ख्या घरात वास सुटतो. टाळ्याला चिकटणारा लाडू म्हणजे कच्चं बेसन, दुसरं काही नाही. भाजत आल्यावर दुधाचा हबका मारायचा. दूध पडल्याबरोबर बेसन फसफसून वर येतं, क्षणभर आवाज होतो आणि ते दाणेदार होतं. दुधातलं पाणी पुरतं उडून जाईपर्यंत पुढं परतत राहा. पिठीसाखर मिश्रण हाताला अगदी कोमट लागेल तेव्हाच घाला. गरमात घातली तर साखर विरघळून मिश्रण सैल पडतं आणि लाडू बसतात. बसलेले लाडू बघून वाईट वाटतं, पण ते चवीला काही कमी नसतात, चमच्यानं खा.

पुरणपोळीबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, तरी सांगते, कारण पाण्याचा हिशेब तिच्याइतका कुणी चोख ठेवला नाही. हरभरा डाळ भरपूर पाण्यात मऊ शिजवायची आणि पाणी निथळून काढायचं. तो कट. डाळीइतकाच गूळ घालून पुरण शिजवायला घेतलं की गूळ वितळून सगळं पुन्हा पातळ होतं, घाबरायचं नाही. ढवळत आटवत राहायचं. उलथनं मधोमध उभं केलं आणि ते न कलंडता उभं राहिलं, की पुरण झालं. गरम असतानाच पुरणयंत्रातून काढायचं, गार झालं की घट्ट होऊन यंत्र हलत नाही. कणीक पुरणाइतकीच मऊ हवी. एक घट्ट, एक मऊ असलं की पोळी फाटते. आणि निथळलेल्या कटाची गूळ, चिंच, गोडा मसाला, खोबरं घालून आमटी. काढून घेतलेलं पाणी त्याच पानात, वाटीतून पोळीशेजारी परत येतं. मला हे दर होळीला नव्यानं आवडतं.

उकडीच्या मोदकांना एक वाटी पिठीला एक वाटी पाणी आणि उकड गरम असतानाच मळणं, हे दोन नियम. पारी चिरली तर उकड कोरडी आहे. सारण फुटून बाहेर आलं तर ते ओलं राहिलंय. श्रीखंडात तर चक्का रात्रभर टांगून ठेवला की तुमचं काम जवळपास संपलं.

आता रोजच्या जेवणाकडे. तुम्ही लिहिलंत, उसळीत मटकी आणि पाणी वेगळं राहतं. मी विचारते, तुम्ही वरून गार पाणी ओतता का? शिजणाऱ्या कडधान्यात गार पाणी गेलं की शिजणं मोडतं, मग अजून वेळ, मग अजून पाणी. जुन्या पद्धतीनं करून बघा. मोड आलेली मटकी फोडणीत परता, ती बुडेल न बुडेल एवढं गरम पाणी घाला आणि वर ताटली झाकून त्या ताटलीत पाणी ओता. ताटलीतल्या पाण्यानं झाकण गार राहतं, आतली वाफ त्याला लागून थेंब होऊन परत उसळीत पडते. पाणी लागलंच तर ताटलीतलं घाला, ते तोवर तापलेलं असतं. नव्या पिढीतल्या बहुतेक स्वयंपाकघरांतून ही ताटली गेली, फार चुकीचं झालं. मीठ, गोडा मसाला, गूळ यथावकाश. आमसूल, चिंच किंवा टोमॅटो मात्र मटकी बोटानं दाबली जाईल इतकी शिजल्यावरच, कारण आंबटानं कडधान्य मऊ व्हायला फार वेळ लागतो. शेवटी दोन चमचे उसळ डावानं चेचून परत ढवळा किंवा दाण्याचं कूट घाला. रस दाण्याला धरून राहील.

भेंडी धुऊन, पुसून, कोरडी करून मगच चिरा. मीठ शेवटी. झाकण नको. खिचडीचा साबुदाणा धुऊन पाणी त्याच्या जेमतेम वर राहील एवढंच ठेवा, चार-पाच तास भिजू द्या. दाणा बोटांत सहज दबला पाहिजे आणि तळाशी पाणी राहता कामा नये. दाण्याचं कूट सढळ हातानं, ते उरलेली ओल टिपून घेतं आणि दाणे सुटे राहतात. दाणे पारदर्शक झाले की उतरवा. पुढं परतत राहिलात तर ते चिवट होतात.

एक गोष्ट मला मनापासून सांगायची आहे. रोज तळण आणि रोज गोड असं केलंत तर महिन्याभरात दोघंही कंटाळाल आणि पुन्हा बाहेरून मागवू लागाल. रोजच्या पानात वरण-भात, तूप, लिंबाची फोड, एक उसळ किंवा भाजी, एक कोशिंबीर, पोळी आणि शेवटी ताक एवढं असलं तरी पान भरतं. ते नुसतं सवयीचं जेवण नाही. तांदळात जे अमिनो आम्ल, म्हणजे प्रथिनांचा घटक, कमी असतं ते डाळीत भरपूर असतं आणि डाळीतली उणीव तांदूळ भरून काढतो. लिंबातल्या क जीवनसत्त्वामुळे डाळी आणि पालेभाज्यांमधलं लोह अंगी लागायला मदत होते. ब-१२ मात्र भाज्यांतून मिळत नाही, शाकाहारी माणसाला ते दूध, दही, ताकातून घ्यावं लागतं. म्हणून पानातलं ताक सोडू नका. पानात डावीकडे मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर आणि उजवीकडे भाजी-उसळ वाढून बघा. दोघंच असलात तरी वाढून घेतलेलं पान आणि भांड्यातून खाल्लेला घास यांत फरक पडतो, हे मी एकटी जेवतानाही अनुभवलं आहे.

तळणीच्या तेलाचंही सांगायला हवं. तळून झाल्यावर गार करा, बारीक गाळणीनं किंवा कापडानं गाळा आणि लवकरात लवकर फोडणीला वापरून संपवा. तळाशी राहिलेल्या पिठाचे कण पुन्हा पुन्हा जळतात आणि तेल तेच बिघडवतात. अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणानं खाद्यपदार्थांच्या व्यावसायिकांसाठी २०१८ पासून वापरलेल्या तेलातल्या ध्रुवीय संयुगांची, म्हणजे तेल बिघडताना त्यात वाढणाऱ्या घटकांची, मर्यादा २५ टक्के ठेवली आहे. घरी ते मोजायचं साधन आपल्याकडे नसतं. तेल काळसर, चिकट झालं, तापवताना फेस किंवा लवकर धूर येऊ लागला तर ते टाकायचं. मी घरात एकदा तळलेलं तेल दुसऱ्यांदा तळणीला घेत नाही, आणि ऑर्डरीच्या कामातही हाच नियम ठेवला आहे. लहान कढई घेतली की तेल कमी लागतं, जिवावरही येत नाही.

आता सुरुवात कशी करायची ते सांगते. या रविवारी दोन वाट्या भाजणीच्याच चकल्या करा, जास्त नको. पहिली चकली एकटीच सोडा, आवाज बसल्यावर काढा, पूर्ण गार होऊ द्या आणि मधून मोडून उजेडात धरा. वेढ्याच्या आतल्या बाजूला गडद, ओलसर रेघ दिसली तर पुढचा घाणा आणखी मंद आचेवर, दोन-तीन मिनिटं जास्त ठेवा. रेघ नसेल आणि तुकडा दातांखाली मोडून लगेच विरघळला, तर सोऱ्या भरा आणि बाकीच्या पाडायला घ्या.